ऋतुजाच्या पथ्याची यादी

उज्वलाच्या स्वयंपाकघरात भिंतीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर निळ्या पेनाने ठळक लिहिलं होतं, ‘ऋतुजाचं पथ्य’. खाली एक ते सत्तावीस आकडे. पहिल्या आकड्यासमोर केळी होती आणि सत्ताविसाव्यासमोर फ्रीजमधलं पाणी. घरात फ्रीज नव्हता. ते कलम पाहुण्यांच्या घरांसाठी होतं.

ऋतुजा नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. पाचव्या वर्षापासून तिची छाती वाजायची. दसरा झाला की शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू व्हायचा आणि संक्रांतीपर्यंत अधूनमधून वाजत राहायचा. उदगीरच्या डॉक्टरीणबाईंनी बाळदमा सांगितला होता, पंप दिला होता, पंपाला लावायचं नळकांडं दिलं होतं. ते सगळं उज्वला वेळेवर द्यायची, त्यात कसूर नव्हती. “खायला सगळं द्या आणि धुळीपासून जपा,” असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यातलं पहिलं उज्वलाला पटलं नव्हतं आणि दुसरं आपण करतोच अशी तिची खात्री होती. घर ती दिवसातून दोनदा खसाखसा झाडायची.

यादी काही एका दिवसात झाली नव्हती. प्रत्येक पदार्थामागे एक माणूस होतं. केळी सासूबाईंनी बंद केली, कफ होतो म्हणून. दही तर सगळ्या गावानेच बंद केलं. पेरू शेजारणीने, शेंगदाणे शाळेच्या गुरुजींनी, सीताफळ नणंदेच्या सासूने. भेंडी चिकट असते म्हणून गेली. रात्रीचा भात उदगीरच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने बंद केला. तिने ऋतुजाचा खोकला ऐकला, पिशवी मांडीवर घेतली आणि पुढचा पाऊण तास माहिती दिली. दुधाचं तर कठीणच झालं होतं. म्हशीचं जड म्हणून बंद, गाईचं थंड म्हणून बंद. अंडं उष्ण म्हणून उन्हाळ्यात नाही, आणि हिवाळ्यात सासूबाईंचे उपासाचे वार निघायचे म्हणून नाही. उरलं काय, तर भाकरी, मऊ भात दुपारचा, फोडणी न दिलेलं वरण आणि उकडलेला बटाटा. तोही बटाटा मधून मधून संशयाच्या घेऱ्यात यायचा.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे चाललं असतं तर उज्वलानेच तिथे जाऊन धडा दिला असता. कारण उज्वला गावची अंगणवाडी सेविका होती.

गाव लहान, लातूर जिल्ह्यातलं. वेशीपलीकडची निम्मी शेतं मात्र नांदेड जिल्ह्यात. उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत तीन किलोमीटर. तिथल्या अंगणवाडीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेकरांची वजनं व्हायची. उज्वला वाढीचा तक्ता उघडून बसायची. हिरव्या पट्ट्यातली लेकरं चांगली, पिवळ्यातल्यांच्या आयांना समजावणं, लाल पट्ट्यात कुणी गेलं तर घरी दोन-दोन चकरा. “ताटात रंग पाहिजेत,” ती सांगायची. “हिरवं, पिवळं, लाल. लेकराला सगळं खाऊ घाला, हे नको ते नको करू नका.”

डिसेंबरच्या वजनाच्या दिवशी शाळेला सुटी होती, म्हणून ऋतुजा आईबरोबर अंगणवाडीत आली होती. एका पोराचं वजन पिवळ्यात भरलं. त्याची आई करिश्मा, चोवीस वर्षांची, तोंडाची तिखट. उज्वलाने तिला रंगांचा धडा सुरू करताच ती म्हणाली, “मॅडम, एक विचारू? राग येऊ देऊ नका. तुमच्या ऋतुजालाबी एकदा काट्यावर उभी करा की.”

बायका हसल्या. उज्वलाही हसली, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

“ती आता नऊ वर्षांची हाय. आपला तक्ता सहा वर्षांपर्यंतचाच हाय,” उज्वला म्हणाली.

“काट्याला काय ठाव वय?” असं म्हणत मदतनीस कावेरीबाईंनी ऋतुजाचा दंड धरला आणि तिला काट्यावर चढवलंसुद्धा. कावेरीबाई अंगणवाडीत तीस वर्षं खिचडी शिजवत होत्या. काटा त्यांच्या हातात होता, आणि जीभ कुणाच्याच नाही. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. एकोणीस किलो चारशे.

करिश्माने आपल्या पोराची चड्डी वर ओढली. नऊ वर्षांच्या पोरीला किती वजन पाहिजे हे उज्वलाला तोंडपाठ होतं, आणि ते एकोणीसच्या आसपास कुठेही नव्हतं.

घरी येताना ऋतुजा म्हणाली, “मम्मी, मी लाल हाय का पिवळी?”

“गप चाल,” उज्वला म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर तिने पोरीचा हात धरला. मनगट तिच्या दोन बोटांच्या कडीत सहज मावलं, वर जागा उरली. खाऊ घालावं तर श्वास जातो, श्वास जपावा तर पोरगी जाते. चार वर्षं ती ह्या दोन्हीच्या मध्ये उभी होती.

त्यानंतर बाराच दिवसांनी वेळ अमावस्या आली. इकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळं गाव शेतात. रानात कडब्याची छोटी खोप करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून पूजा करायची, आणि मग जेवायचं. जेवण म्हणजे सगळ्या शेंगांच्या दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून ताकात शिजवलेली, आलं-लसूण लावलेली, मातीच्या बिंदग्यात थंडगार झालेली आंबील. रस्त्याने जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून पाजायची.

ताक यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं. ‘आंबट सगळं’ पाचव्या. ‘थंड सगळं’ सहाव्या. आंबील एकटीच तीन कलमांत बसत होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी चुलीवर आंबील रटरटत होती. ऋतुजा उंबऱ्यात बसून नाकाने जेवत होती.

“मम्मी, यंदा एक तांब्या?”

“न्हाई.”

“अर्धा?”

“ऋतुजा.”

“एक घोट. देवाचा.”

सासूबाई साखराबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “येळवसेला आंबिलीला न्हाई म्हणायचं नसतंय, उज्वला. परसाद हाय तो.”

सासूला उज्वला इकडच्या रीतीप्रमाणे मामी म्हणायची. “मामी, केळं तुम्हीच बंद केलं ना? मग केळं कफ करतंय आन् आंबील करत न्हाई व्हय?”

“केळं बाजारातलं असतंय. आंबील देवाची असतीया.”

“छातीला काय कळतंय बाजार आन् देव?”

“तुझ्या छातीला कळत नसंल,” असं म्हणून साखराबाईंनी लसणाची एक कुडी जरा जोरात सोलली. बोलणं तिथे संपलं, पण आंबील ढवळताना उज्वलाचं लक्ष पोरीच्या मनगटाकडेच जात राहिलं.

सकाळी सगळे निघाले. उज्वलाच्या डोक्यावर बिंदगं, साखराबाईंच्या हातात पूजेचं ताट, आणि ऋतुजाच्या हातात स्टीलचा डबा. डब्यात मऊ भात, वरण आणि बटाटा. येळवसेला घरून डबा घेऊन जाणारी ती गावातली पहिली पोरगी असावी. वाटेत दोघा-तिघांनी विचारलंही, “काय गं, परीक्षेला चाललीस का?”

नवरा हनुमंत पहाटेच पुढे गेला होता. उज्वलाने त्याला सांगून ठेवलं होतं की यंदा खोप मोठी करा, पोरगी आत बसली पाहिजे, रानात वारं लई असतंय. त्याने ती खरंच मोठी केली होती, माणूस मांडी घालून बसेल एवढी, आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळच्या, गंजीतल्या गेल्या वर्षीच्या कडब्याची. खाली उज्वलाने स्वतःच्या हाताने बिछाना केला. आधी सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरतो तो बारीक भुसा, वीतभर पसरली. गुळी मऊ असते आणि ऊबदारही. वर जाड वाकळ घातली. बाजूच्या फटी कडब्याने बुजवल्या. वाऱ्याला यायला कुठे जागा ठेवली नाही. ऋतुजाला स्वेटर, कानटोपी आणि मोजे घालून तिने पाच पांडवांच्या शेजारी आत बसवलं.

“सहावी तू,” हनुमंत पोरीला म्हणाला.

पूजा झाली. हनुमंत येळवसेचे कानडीतले जुने बोल म्हणत पिकावर आंबील शिंपडत गेला. त्यांचा अर्थ त्याला माहीत नव्हता, त्याच्या बापालाही माहीत नव्हता, पण आवाज दोघांचा सारखाच मोठा. हरभरा घाटे धरत होता, ज्वारी कमरेएवढी होती. कावेरीबाईंना शेत नव्हतं, म्हणून दरवर्षी त्यांना ह्यांच्याकडेच जेवायचं आमंत्रण असायचं. त्या आल्या, बसल्या, आणि पहिला तांब्या आंबिलीचा एका दमात संपवून म्हणाल्या, “उज्वला, हात लागलाय गं तुझा.” अंगणवाडीत त्या तिला मॅडम म्हणत, शेतात उज्वला.

सगळे बाहेर भज्जी ओरपत होते. ऋतुजा खोपीत बटाटा खात होती. तासाभराने आतून आवाज आला. आधी खोकला, मग ती ओळखीची बारीक शिट्टी.

उज्वला हातातलं ताट टाकून धावली. पंप कंबरेच्या पिशवीतच होता. पोरीला तिने बाहेर आणून मांडीवर बसवलं, नळकांडं तोंडाला लावलं, सांगितल्याप्रमाणे पंप दिला, थांबून परत दिला. हळूहळू श्वास सुरळीत झाला. ओठांचा रंग परत आला. आणि त्याबरोबर उज्वलाचा रागही.

“खरं सांग. आंबील पिलीस ना?”

ऋतुजाने मान हलवली. नाही.

“कुणी पाजली? आज्जीनं?”

“अगं बाई,” साखराबाई उठून उभ्याच राहिल्या. “माझ्यावर आली का आता? ह्या काळ्या मातीत हुभी ऱ्हाऊन सांगते, म्या थेंब दिला न्हाई. द्यावा वाटत व्हता, खोटं कशाला बोलू. पण दिला न्हाई.”

“मग पप्पानं दिली असंल.”

“म्या तर पिकाला पाजून राहिलो व्हतो,” हनुमंत म्हणाला.

“भज्जी खाल्लीस का? उंडा?”

“बटाटा खाल्ला,” ऋतुजा रडवेल्या आवाजात म्हणाली. “मम्मी, आता बटाटाबी लिहिणार का गं?”

हे ऐकून कावेरीबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. मग पदर काढून त्या सरळ बोलल्या. “उज्वला, एक सांगू? आपल्या अंगणवाडीत धान्याची पोती झाडाया घेतली की ही पोरगी खोकती. म्या चार वर्षं बघायले. तिथं ती काय खाती? काहीच न्हाई. दारात नुसती हुभी असती.”

“मग ते मला आधी का न्हाई सांगितलंत?”

“तू मॅडम हाईस. म्या खिचडी शिजवते.”

उज्वला खोपीकडे गेली. वाकून आत शिरली. तिने वाकळेवर एक हात मारला. खोपीच्या तोंडातून उन्हाची एक तिरीप आत आली होती, आणि त्या तिरिपीत एकदम एवढी धूळ उठली की पलीकडचे पाच दगड दिसेनात. गुळीची बारीक टोचरी कूस, जुन्या कडब्याचा बुरशीचा वास, सगळं घशात. उज्वलालाच ठसका लागला. ती खोकत खोकत उलट्या पावलांनी बाहेर आली आणि तिथेच मातीत बसली.

घरातली ऋतुजाची झोपायची जागा तिच्या डोळ्यांसमोर आली. आतली खोली, घरातली सगळ्यात उबदार, खिडकी नसलेली. तिथेच दसऱ्यानंतर सोयाबीनची पोती रचतात आणि संक्रांतीनंतर नेतात. पोरीला थंडी लागू नये म्हणून उज्वला तिला दरवर्षी नेमकी त्या थप्पीच्या कुशीत निजवत होती. केळी बंद झाली तो दिवस तिला आठवला, त्या दिवशी पोती आत आणली होती. पेरूचा दिवस, तेव्हा गुळी भरायला सगळे आखाड्यावर होते. शेंगदाणे, ते तर शाळेचं गोदाम झाडून घेतलं त्याच दिवशी. सत्तावीस कलमं, आणि तिने एकदाही ताटावरून नजर उचलून अंथरुणाकडे बघितलं नव्हतं.

हनुमंतला तिने हे सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हंजी आपण तिला चार वर्षं भुशात निजवलं आन् केळं बंद केलं?”

“हाव.”

“बरं झालं केळ्याला तोंड न्हाई.”

“आन् केळं काय म्या बंद केलं न्हाई,” साखराबाई लगेच म्हणाल्या. “म्या म्हणले व्हते कमी द्या. बंद तू केलंस. लिहून ठिवलंस वर.”

उज्वलाने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. रानात वारं होतं, ती एका कानात बोट घालून मोठमोठ्याने बोलत होती. गुळीचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं, झाडण्याचंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं “हं, हं” आलं. मग त्या म्हणाल्या, “मी धूळ म्हणाले होते तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“मला वाटलं रस्त्याची.”

पोरगी आता कशी आहे, बोलताना धाप लागते का, हे सगळं त्यांनी नीट विचारलं. पुन्हा त्रास झाला तर लगेच घेऊन या, नाहीतर दोन दिवसांनी दाखवायला आणा, पंप चालू ठेवा, असं सांगितलं. जे खाल्ल्यावर खरंच त्रास होताना दिसेल तेवढंच बंद, बाकी सगळं सुरू.

“आंबील?” उज्वलाने विचारलं.

“द्या की. आणि येताना मला बाटलीभर आणा. इथे ओपीडीत बसून येळवस चाललीय माझी.”

उज्वलाने फोन ठेवला, पण आंबील लगेच दिली नाही. चार वर्षांची भीती एका फोनने जात नाही. तिने दुपार कलू दिली. ऋतुजाला बांधावरच्या लिंबाखाली मोकळ्या जागेत बसवलं, खोपीपासून लांब, जिकडून वारं येत होतं त्या बाजूला. कानटोपी काढली. पोरगी आता सरळ बोलत होती, एका दमात पाढा म्हणून दाखवत होती. तेव्हा कुठे उज्वलाने बिंदग्यातून तांब्या भरला. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पंप.

“हळू पी. लागलं तर थांब.”

ऋतुजाने हळूबिळू काही केलं नाही. दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. वरच्या ओठावर पांढरी मिशी आली. मग तिने एक ढेकर दिला, तिच्या आकाराच्या मानाने फारच मोठा.

“वा!” कावेरीबाई म्हणाल्या.

उज्वलाने पोरीला पाठमोरी केलं आणि तिच्या पाठीला कान लावला. साखराबाईंनी हात जोडले होते. उज्वला बराच वेळ ऐकत राहिली.

“काय वाजतंय?” हनुमंतने विचारलं.

“पोट,” उज्वला म्हणाली. “गुडगुड करायलंय.”

ती हसायला लागली, आणि कान काही तिने लगेच काढला नाही. तिथून दुसरा कुठलाच आवाज येत नव्हता.

संध्याकाळी कडब्याची पेंडी पेटवून शेताभोवती धावायची रीत असते. धुराचा प्रश्न आता उज्वलाला आपोआप सुचला. ऋतुजा लांब बांधावर, वाऱ्याच्या पाठीकडे उभी राहिली आणि तिथूनच बापाला ओरडून सांगत राहिली, “पप्पा, जल्दी! विझायली, विझायली!” एवढं ओरडायला लागणारा श्वास तिच्याकडे आहे, हे उज्वलाने गेल्या चार हिवाळ्यांत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोती आतल्या खोलीतून पत्र्याच्या शेडमध्ये गेली. हनुमंत आणि उज्वलाने मिळून ओढली, आणि ती वेळ साधून ऋतुजाला शाळेत पाठवलं. खोली ओल्या फडक्याने पुसली. झाडू गेला नाही, पण पाणी शिंपडल्याशिवाय हातात यायचा बंद झाला. ऋतुजाची गादी पुढच्या खोलीत खिडकीपाशी आली. साखराबाईंना तिथे थंडी वाजेल अशी शंका होती, म्हणून त्या स्वतःच पोरीजवळ निजू लागल्या.

छाती अगदीच गप्प झाली असं नाही. तुरीच्या राशीच्या, म्हणजे मळणीच्या वेळी वाऱ्यावर धूळ गावात आली आणि दोन दिवस शिट्टी वाजली. पंप होताच. पण त्या दोन दिवसांत उज्वलाने यादीत काही वाढवलं नाही. उलट पुढे एक-एक कलम खोडत गेली, पदार्थ खाऊ घालून, दोन दिवस बघून, मग रेघ. केळं खोडलं त्या दिवशी साखराबाईंनी डझनभर केळी आणली आणि आपणच शोध लावल्यासारखी घरोघर वाटली. फ्रीजमधलं पाणी तेवढं राहिलं. त्याची परीक्षा घ्यायला फ्रीज नव्हता.

अंगणवाडीत आता नवीनच चालू झालं होतं. गृहभेटीला उज्वला स्वयंपाकघराआधी झोपायची खोली बघू लागली. करिश्माच्या घरी पोराच्या अंथरुणाशेजारी तिने हरभऱ्याच्या भुशाची दोन पोती हेरली.

“मॅडम आधी ताट बघायच्या, आता अंथरूण बघायल्यात,” करिश्मा शेजारणीला म्हणाली. “पुढच्या म्हैन्यात काय बघतील देव जाणे.” पण संध्याकाळपर्यंत तिने पोती बाहेर काढली होती.

मार्चच्या वजनाच्या दिवशी ऋतुजा कुणी न सांगता स्वतःच काट्यावर चढली. कावेरीबाईंनी आकडा वाचला. एकवीस किलो शंभर. अजून पुष्कळ बाकी होतं, पण करिश्माने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

घरी येऊन उज्वलाने तूरडाळ काढायला कपाट उघडलं. कागद अजून तिथेच होता, सव्वीस कलमांवर रेघा. सत्ताविसाव्याखाली मात्र पेन्सिलने, ओळ सोडून वर चढत जाणाऱ्या अक्षरात, कुणीतरी एक नवीन कलम लिहून ठेवलं होतं. अठ्ठावीस, कारलं. पुढे कंसात कारणही होतं, ‘छातीला वाईट’.

उज्वलाने डब्यातून डाळ काढली, दार लावलं आणि साखराबाईंना हाक मारली. “मामी, दारावर भाजीवाला आला की कारली घ्या. आज तीच करते.”